साडेतीन लाखांचे स्पीकर आणि दहा बाय दहाची खोली

जुना_रेडिओ:
मंडळी, निवृत्तीचे पैसे हातात आलेत आणि डोक्यात किडा शिरलाय. परवा मुंबईत एका शोरूममध्ये स्पीकरची जोडी ऐकली, किंमत साडेतीन लाख. त्यांनी मारवा राग लावला आणि तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) अशी काही उलगडली की मी अर्धा तास हललो नाही. घरी (डोंबिवली, खोली १० बाय १०, एका भिंतीला दिवाण) सध्या बारा हजारांचे आहेत. बायको म्हणते, "एवढ्या पैशात गवईच घरी बोलवा." खरंच एवढा फरक असतो का?

घुमारा:
काका, मी या खड्ड्यात पडून वर आलोय. २०१६ला पावणेदोन लाखांची उभी जोडी घेतली. खोली तुमच्याएवढीच. पहिल्याच संध्याकाळी तबल्याचं सोलो लावलं, आणि डग्गा बोलेचना. घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला बोल) घेतला की मधल्या एका सुरावर नुसतं ढुम्म, बाकीचे सूर गायब. मला वाटलं माल खराब लागला.

माल चांगला होता, खोली नडली. १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, मग त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२चा. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना तेच सूर, म्हणजे दुप्पट त्रास. डग्ग्याचं सगळं काम याच पट्ट्यात चालतं. मोठे स्पीकर खालचा सूर जास्त देतात, म्हणून माझे आधीचे, तुमच्यासारखे स्वस्तातले, याबाबतीत बरे वाटायचे!

मग स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, कोपऱ्यात कापसाच्या दोन गाद्या उभ्या केल्या. घर दिसायला गोदाम झालं, पण डग्गा मोकळा झाला. गाद्या माळ्यावरच्या, खर्च शून्य.

नंतर भावाला घेऊन चादरीआड परीक्षा केली. माझी जोडी विरुद्ध त्याची चाळीस हजारांची, छोटी. आवाज मल्टिमीटर लावून सारखा केला. ही पायरी सोडू नका, किंचित मोठा वाजणारा नेहमीच "चांगला" वाटतो. खालचे सूर कापून फक्त गाणं ऐकवलं. दहापैकी सहा वेळा मी माझे ओळखले. नाणं उडवून पाच आले असते.

हे माझंच नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४मध्ये ४० जणांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांदेखत ऐकवले. दिसायला लागल्यावर पसंती बदलली. ऐकणारे लोक स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, म्हणजे आपली काय कथा.

पैशांनी काहीच मिळत नाही असं नाही. मोठा हॉल असेल, आवाज चढवूनही चिरका व्हायला नको असेल, तर जड खोका आणि मोठा कोन (स्पीकरमधला हलून आवाज काढणारा पडदा) लागतोच. पण बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून एलएस३/५ए नावाचा स्पीकर केला, तो बुटांच्या खोक्यापेक्षा थोडाच मोठा. तुमची खोली त्या गाडीच्या जवळची आहे, जलशाच्या मांडवाच्या नाही.

कोनवाला:
दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे एवढंच. कोनच्या कडेला फोम आहे की रबर ते बघून घ्या. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत बोट लावलं की भुगा होतो. बाहेरच्या महाग जोडीचा सुटा भाग मिळायला महिनोन्महिने लागतात, गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतं.

सातारी_कान:
मी चार लाख घातले आणि पस्तावलो नाही. पण माझा हॉल १८ बाय १४, आणि रोज दोन तास बसतो. लोक गाडीवर घालतात, मी यावर. दहा बाय दहात मीही घातले नसते.

जुना_रेडिओ:
घुमारा, काल रात्री दिवाणावरची गादी कोपऱ्यात उभी केली आणि बारा हजारवाले पुढे ओढले. डग्गा खरंच सुटा झाला हो. तानपुरा मात्र शोरूमसारखा नाही, ते काही मनातून जात नाही. पुढच्या रविवारी परत तिथे जातोय, या खेपेला डोळे मिटून ऐकीन. आणि बायको विचारतेय, ती झोपायचं कशावर?