खोल समुद्रातली प्रवाळं हिमयुगातून तगली, मग आता ओरड कशाला?

म्हापशेकर:
रविवारी ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलो होतो. बोटीवरचा मुलगा सारखं एकच सांगत होता, पाणी तापतंय, प्रवाळं संपली. घरी येऊन थोडं वाचलं. खोल समुद्रातल्या प्रवाळांना उन्हाची गरजच नसते! शेकडो मीटर खाली, काळोखात, ४ ते १२ अंशांच्या पाण्यात ती वाढतात, वरून झिरपणारं काहीबाही आणि बारीक जीव खातात. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचं वय ४,२६५ वर्षं निघालंय. हिमयुगं आली, गेली, ही मंडळी जागची हलली नाहीत. तेव्हा सगळीकडे हवामानबदल घुसडणं पुरे. बोला.

मास्तरीण, काणकोण:
बाब, ते प्रवाळ जन्मलं तेव्हा हिमयुग संपून सात हजारांच्या आसपास वर्षं उलटली होती. तुमच्या साक्षीदाराने भांडण पाहिलंच नाही.
आणि 'जागची हलली नाहीत' हे साफ चूक. नॉर्वेच्या समुद्रात लोफेलिया, म्हणजे खोल पाण्यातलं फांद्यांचं प्रवाळ, आली ती बर्फ हटल्यावर, सुमारे ११,००० वर्षांपूर्वी. उलट आफ्रिकेत मॉरितानियासमोर हिमयुगातच तिची चंगळ होती, पुढे ती ओसरली. एका घरी चवथ, दुसऱ्या घरी सुतक.

म्हापशेकर:
हवाईचं मान्य, घाईत लिहिलं. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! इथून उठली, तिथे बसली. जमात टिकलीच ना? आणि हे ११,००० वगैरे कोणी मोजलं?

दोनापावलाकडचा:
मोजता येतं. लोफेलियाची वाळकी फांदी मी हातात घेतलीय. बोटभर जाड, कपबशीसारखी पांढरी, टोकाला करवंदाएवढ्या वाट्या, वाटीत उभे पातळ पडदे. जिवंतपणी हा सांगाडा समुद्रातलं युरेनियम घेतो, थोरियम जवळजवळ नाहीच. मग त्या युरेनियमचं ठरल्या गतीने थोरियम होत राहतं, त्यावरून वय. त्याच तुकड्यातल्या कार्बन-१४ वरून कळतं की तेव्हाचं पाणी वरून खाली जाऊन किती काळ झाला होता. १९९८ साली उत्तर अटलांटिकमधल्या १,८०० मीटरवरच्या प्रवाळांवरून दिसलं, की १५,४०० वर्षांपूर्वी तिथलं खोल पाणी प्रवाळाच्या एका हयातीतच पालटलं.
मास्तरीणबाई, तुम्हालाही एक टोचणी. एखाद्या काळातल्या फांद्या सापडल्या नाहीत म्हणून प्रवाळ नव्हतंच असं छातीठोक म्हणू नये. जहाजावरून तळ खरवडला की बहुतेकदा वरवरचंच हाती येतं.

मालीमचा ट्रॉलरवाला:
तापमान तापमान काय करता, पोटाचं बोला. जिथे पाणी खेळतं तिथे खाणं, हे आम्हाला शिकवायला नको. हिमयुगात मॉरितानियाला खालचं पाणी जोराने वर यायचं, म्हणून ती चंगळ. प्रवाळ काय घास आणायला उठून जातंय? बाकी नॉर्वेत ३० ते ५० टक्के प्रवाळाला तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी इजा झाली असा तिथल्याच शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्या धंद्याचं पाप, लपवत नाही.

मास्तरीण, काणकोण:
पोटाचं बरोबर. पण उठून बसायला वेळ लागतो हो! हिमयुग सरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ऐंशीएक पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ऐंशी) वाढायला सुमारे सात हजार वर्षं लागली. आपण दोन-अडीचशे वर्षांत २८० वरून ४२० च्या पुढे नेला. तो पाण्यात मुरतो, पाण्याची आम्लता वाढते, मग ॲरागोनाइटचा, म्हणजे एका प्रकारच्या चुन्याचा, सांगाडा बांधणं जड जातं. मेलेल्या फांद्या तर विरघळायलाच लागतात, आणि जिवंत प्रवाळ उभं असतं त्यांच्याच खांद्यावर. लोफेलिया वाढते वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर. धावणार कुठे?

म्हापशेकर:
फांद्या धावत नाहीत, पण अळ्या आठवडेच्या आठवडे वाहत जातात, हेही सांगा. वेगाचा मुद्दा मात्र झोंबला. मग आपल्या अरबी समुद्राचं काय?

दोनापावलाकडचा:
इथे अटलांटिकचं गणित लावू नका. आपल्याकडे साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू अगदीच तुटपुंजा. हिमयुगाच्या कडक थंडीत नैर्ऋत्य मान्सून ढिला पडायचा, वर शेवाळ कमी, खाली कुजणं कमी, कुजण्यात प्राणवायू कमी खर्च, म्हणून हा पट्टा सैल व्हायचा. ऊब आली की पुन्हा आवळायचा. तुमच्या अळ्या पोचतील हो म्हापशेकर, पण या पट्ट्यात उतरल्या तर श्वास कशाचा घेणार?