तिबिलिसीचं सिओनी: रशियन चित्रं खरवडावीत का?

डोंगरवेडा: जॉर्जियाच्या राजधानीतलं सिओनी कथीड्रल पाहून आलो. बाहेरून अस्सल जॉर्जियन: बोलनिसीचा पिवळसर दगड, गोल मानेवर शंकूसारखा टोकदार कळस. आत गेलो आणि हिरमोड झाला. भिंती भरून १८५०च्या दशकातली रशियन चित्रं, ग्रिगोरी गागारिन या सरदार-चित्रकाराची (अंतराळवाला नव्हे). ती रंगवताना जुनी मध्ययुगीन भित्तिचित्रं गेली. लोक याला संगम म्हणतात, मला अतिक्रमण वाटतं. सरळ खरवडून टाकावीत.

केशरभात: आणि खाली काय मिळणार? गेलं ते गेलं. वर आणखी दीडशे वर्षं पुसली जातील. शिवाय ते चर्च 'मूळचं' राहिलंय कुठे? १७९५मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने शहराची राखरांगोळी केली, त्यात गाभाऱ्यापुढची लाकडी प्रतिमाभिंत जळाली. आजची दगडी भिंतही गागारिनचीच. तीही फोडायची का?

डोंगरवेडा: ती राहू द्या, तिने कुणाची जागा खाल्ली नाही. माझा मुद्दा सत्तेचा आहे. १८११मध्ये रशियाने जॉर्जियन चर्चची स्वायत्तता काढून घेतली आणि १८१२मध्ये रस्त्यापलीकडे रशियन नवअभिजात शैलीतलं तीन मजली घंटाघर उभं! योगायोग म्हणायचा?

आजोबा_ऑनलाइन: घाई करताय. घंटाघर पुरं झालं १८१२ला, पण पैसा रशियन फौजेतल्या जनरल त्सित्सियानोव्हचा, १८०४मध्ये गांजा जिंकल्याच्या बक्षिसाचा. (शहराचं नाव आहे, हसू नका.) हा गृहस्थ १८०६मध्येच बाकूपाशी मारला गेला. म्हणजे १८११शी संबंध नाही. आणि घराणं जॉर्जियन! आता यातलं रशियन किती नि जॉर्जियन किती, तुम्हीच मोजा.

डोंगरवेडा: तारखेचं मान्य, चुकलो. पण आजोबा, घराणं जॉर्जियन असलं तरी चाकरी झारची. लढाईच्या कमाईतून चर्चसमोर मनोरा, हे काही मला गोड लागत नाही.

वाटसरू: १९८०च्या दशकात, सोव्हिएत काळातच, पश्चिमेच्या भिंतीवरची काही चित्रं लेवान त्सुत्सकिरिद्झे या जॉर्जियन चित्रकाराने काढली. बाकी गागारिन आजही जागेवर आहे. मला हा मार्ग पटतो.

डोंगरवेडा: बरं, 'खरवडा' मागे घेतो. पण आमच्या गाईडने 'सुंदर मिश्रण' म्हणून पाच मिनिटांत बाहेर काढलं. गेलेल्या चित्रांबद्दल चकार शब्द नाही.

केशरभात: मग राग गाईडवर काढा की हो, भिंतीवर कशाला?