मदत हवी आहे: ज्युइश ब्रिगेडच्या 1945 च्या वॉर डायऱ्या

नमस्कार मंडळी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आर्मीत ज्यू सैनिकांची जी ज्युइश ब्रिगेड होती, तिच्यावर मराठीत लेख लिहितेय. सप्टेंबर 1944 ला उभी राहिली, पुढच्या वसंतात इटलीत सेनिओ नदीवर लढली, हे सगळीकडे मिळतं. मला हवाय त्यानंतरचा भाग, म्हणजे युद्ध संपल्यावर ब्रिगेड तार्विझिओला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ होती तेव्हाचा. छळछावण्यांतून वाचलेले लोक तिथं यायला लागले, त्यांना स्वतःच्या रेशनमधलं जेवण द्यायचं, आर्मीच्याच ट्रकमधून इटलीत खाली पोचवायचं, तेही परवानगीशिवाय. आणि या सैनिकांच्या बाहीवर पिवळा तारा, जो नाझींनी या लोकांना कपड्यावर लावायला लावला होता! ते बघून काय वाटलं असेल त्यांना.

याद वाशेम (इस्रायलमधलं होलोकॉस्टचं, म्हणजे ज्यूंच्या नाझी हत्याकांडाचं स्मारक) आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमच्या साइट्स बघून झाल्यात. मूळ वॉर डायऱ्या, म्हणजे तुकडीच्या रोजच्या सरकारी नोंदवह्या, लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमधे असतात हे माहितीय पण तिकडे जाणं शक्य नाही, हिब्रू येत नाही, इंग्रजी चालेल.

तिकडच्या कुणी अशा फाइल्स काढून बघितल्यात का, फोटो काढू देतात का? आणि मुख्य म्हणजे, मे ते जुलै 1945 मधल्या या ट्रकच्या फेऱ्या सरकारी डायरीत कुठल्या तरी नावाखाली सापडतात, की फक्त सैनिकांच्या मुलाखतींवरच विसंबावं लागेल?