खिडकीची वरची कड आधी मोजा
'मधली भिंत पाडा, घर सुटसुटीत दिसेल आणि उजेडही आत येईल' असं घर बदलताना सुचवलं जातं, ते मला अर्धंच पटतं. जागा मोकळी होते, पण उजेड किती आत पोचणार हे खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं. ढोबळ हिशोब असा: ती कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. कड ७ फुटांवर असेल तर साडेदहा ते १४ फूट. त्यापुढे भर दुपारीही दिवा लागतो, भिंत असो वा नसो.

आम्ही सपाट, साधं दिसावं म्हणून फॉल्स सीलिंग केलं आणि खिडकीवरची झडप, म्हणजे उजेड आत घेणारी वरची छोटी खिडकी, त्यामागे झाकली गेली. आई समोरच्या भिंतीपाशी बसून सुईत दोरा ओवायची, तेच बंद झालं. फार वाईट वाटलं. शेवटी तेवढा पट्टा काढून झडप मोकळी केली, छताला मॅट पांढरा रंग दिला (चकचकीत नको, डोळ्यांवर तिरीप येते). आता आई परत त्याच खुर्चीत बसते. त्यामुळे भिंतीला हात लावण्याआधी टेप घेऊन खिडकीपाशी जा, आणि ती भिंत भार पेलणारी आहे का हेही इंजिनिअरला विचारा.