चाळणीतून निसटलेल्यांचं काय?

टी-पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीतच मारल्या जातात, तर मग ल्युपससारखे, शरीर स्वतःवरच हल्ला करतं असे आजार होतातच कसे? थायमस ही चाळणी आहे, पण तिची भोकं थोडी मोठी आहेत. काही पेशी निसटतातच. पुढचं काम डेंड्रायटिक पेशींचं.

या पेशी ऊतींमध्ये फांद्या पसरून बसतात, मेलेल्या पेशींचे तुकडे गिळतात आणि लसिकाग्रंथीत जाऊन टी-पेशींना दाखवतात. खरी गंमत दाखवण्याच्या पद्धतीत आहे. जंतूंची चाहूल लागली असेल तर तुकड्याबरोबर सीडी८०, सीडी८६ हे रेणूही भरपूर मिळतात, म्हणजे 'चल, हल्ला कर'. चाहूल नसेल तर नुसता तुकडा. असा कोरडा निरोप मिळालेली टी-पेशी थंड पडते, मरते किंवा इतरांना आवरणारी नियामक टी-पेशी बनते. आतड्यात तर काही डेंड्रायटिक पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवून अशा नियामक पेशी घडवायला मदत करतात. रोजच्या वरणभातातल्या प्रथिनांवर शरीर तुटून पडत नाही, त्यात यांचा वाटा आहे.

ल्युपसमध्ये उलटं होतं. प्लाझ्मासायटॉइड नावाच्या एका प्रकारच्या डेंड्रायटिक पेशी स्वतःच्याच डीएनएला विषाणूचा समजून इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारे रेणू सोडत राहतात. पहारेकरीच चोर चोर ओरडत सुटला तर गाव झोपणार कसं?

जाता जाता: डेंड्रायटिक पेशी 1973 साली शास्त्रज्ञ राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी वर्णिल्या. स्टाइनमनना 2011 चं नोबेल जाहीर झालं, पण तीनच दिवस आधी ते गेले होते.