अणुअपघातातलं किरणोत्सारी सीझियम मातीत पडलं तर भातात येतं काय?

खानापूरकर: जांबोटीकडं आमचं भात, माती तांबडी. कैगाचं अणुवीज केंद्र घाटापलीकडं. उद्या तिथं काही झालं तर? पोरगा म्हणतोय, पावसात सगळं धुऊन जातं.

मातीमास्तर: एवढं सोपं नाही. सीझियम-१३७ चिकणमातीच्या अभ्रकासारख्या थरांत अडकतं. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर (१९८६) बरंचसं वरच्या वीतभर मातीतच राहिलं. अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे निम्मं व्हायलाच तेवढी वर्षं! तुमच्यासारख्या तांबड्या जांभ्या मातीची पकड मात्र कमी, म्हणून पिकात जास्त शिरू शकतं. धूप झाली तर गाळाबरोबर ओढ्यात.

बेळगावची मावशी: मास्तर, पोटॅशचं सांगा की.

मातीमास्तर: हो मावशी. पोटॅश म्हणजे पोटॅशियमचं खत. मुळांना पोटॅशियम आणि सीझियम दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून पोटॅशियम भरपूर असलं की सीझियम कमी शिरतं. जपानात फुकुशिमात २०११ च्या अणुअपघातानंतर भातखाचरांत पोटॅश टाकून भातात जाणारं सीझियम बरंच रोखलं. स्ट्रॉन्शियम-९० हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य वेगळं, ते कॅल्शियमच्या वाटेनं हाडांत जातं.

खानापूरकर: पोटॅशच्या पोत्याचा दर बघितलासा काय?