अनुभव धागा: सुक्या कचऱ्यातून निघालेले खेळ

ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्या इंदूरला आता घरोघरी मुरली आहे. मी बालवाडीत शिकवते. कचरागाडी यायच्या आधी सुक्या डब्यातून झाकणं, डब्या, पुठ्ठे काढून घेते. तुम्ही काय काढून घेता? मुलांनी त्याचं काय केलं? फसलेलं आधी लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

माझं फसलेलं: बडीशेपेच्या रिकाम्या डब्या घेतल्या. दोनात तांदूळ, दोनात चणे, दोनात राजगिरा, दोनात चिंचोके. हलवून, ऐकून जोड्या लावायच्या. पण डब्या पारदर्शक! पोरांनी कान लावलाच नाही, बघून जोड्या लावून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र चिकटवून नेल्या, तेव्हा कुठे वर्ग ऐकायला लागला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती शिंपले, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर. ते वाचल्यापासून साहित्याची यादी घेऊन दुकानात जाणं मी सोडलं.

लोकमान्यनगरातली आजी
आमचा नातू घरात मराठी, दारात हिंदी, शाळेत इंग्रजी. वय सहा. ‘ळ’ जिभेवर येईचना. फळाचं फल, बाळाचा बाल. रागावून उपयोग नव्हता, कारण फरक त्याच्या कानालाच कळत नव्हता. मग लग्नपत्रिकांचे जाड कागद कापले. एकावर ‘मा’ लिहून पुढे बाटलीच्या झाकणाएवढा गोल मोकळा सोडला. दोन झाकणं केली, एकावर ल, एकावर ळ. ल ठेवला की माल, मग ट्रकचं चित्र उचलायचं. ळ ठेवला की माळ, झेंडूची. तसंच वेल आणि वेळ. ‘काल-काळ’ मात्र सोडून दिलं, काळाचं चित्र काय काढणार? तीनेक आठवड्यांनी शेजारचे हिंदीभाषक काका कौतुकाने मराठीत म्हणाले, “जेवायची वेल झाली.” तर हा म्हणतो, “काका, वेल भिंतीवर असते.” त्या दिवशी मी त्याला दोन वेळा गुळपोळी वाढली.

दोन मुलींचा बाबा, सुदामानगर
आजी, झाकणांचा खेळ छान आहे, पण घरात धाकटं असेल तर जपा. मोठी रंग लावत बसली होती आणि दीड वर्षाच्या धाकटीने झाकण तोंडात घातलं. बोट घालायच्या आधीच तिने थुंकलं म्हणून वाचलो. आता नियम केला आहे: टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून, म्हणजे साधारण ४ सेंटीमीटरमधून जे आरपार जाईल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. चिंचोके, चणेसुद्धा नाहीत.

निवृत्त शिक्षक
होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा जो प्रयोग सुरू झाला, त्याचं काम मी जवळून पाहिलं. टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे होते, तेव्हा त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून आकृत्या करायचं तंत्र बसवलं. नातीला हेच दिलं. काड्यांची गुलं आधी खरवडून टाकली. चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण हटत नाही. मी काही सांगितलं नाही. तिने चौकोनात एक तिरपी काडी घातली, पुन्हा दाबून बघितलं आणि कितीतरी वेळ नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. सहाच्या आतल्या मुलांना नळीत काडी सरकवणं जड जातं, घाई करू नका.

शिवणकाम करणारी काकू
कातरणातून खण, मखमल, माहेश्वरी, सुती असे दोन-दोन तुकडे घ्या. डोळे मिटून हाताने जोडी लावायची. तुकड्यांची टोकं दुमडून शिवा, नाहीतर मुलं दोरे उपसत बसतात.

पुन्हा मी, बालवाडीवाली
आजी, ल-ळच्या जोड्या उद्याच वर्गात करते. माल, वेल झाले. चित्र काढता येईल अशी आणखी एखादी आहे का?

लोकमान्यनगरातली आजी
चाल आणि चाळ घ्या. पायातले चाळ. झाकणांनाच दोऱ्यात ओवून बांधा त्यांच्या पायात.